पीएच.डी.चे गाइड निवडण्याआधी त्यांचे पेपर कसे पाहावेत

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाचा दुसरा वेचा सुरू होता, त्यामुळे घाटंजी तालुक्यातलं आमचं कॉलेज अर्धं रिकामंच होतं. आमच्याकडेच बी.एस्सी. करून अमरावतीहून एम.एस्सी. झालेली एक मुलगी दुपारी लायब्ररीत आली. तिचा धाकटा भाऊ सिकलसेलचा, एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही दोषी जनुक आलेला. ती स्वतः एएस, म्हणजे फक्त वाहक. याच आजाराच्या जनुकांवर पीएच.डी. करायची हे तिनं बारावीतच ठरवलं होतं. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर सात संशोधकांची नावं आणि प्रत्येकापुढे एक आकडा, त्याचा एच इंडेक्स, म्हणजे त्याच्या पेपरांचा दुसऱ्यांनी किती आधार घेतला यावरून काढलेला.

"मॅडम, ह्या सरायचा एच इंडेक्स एकेचाळीस हाये. सगळ्यात मोठा. यायलेच मेल करू का?"

मी म्हटलं, "कर ना. पण आधी हे एकेचाळीस कुणाचे आहेत ते तर पाहू."

तिची गावाकडची बस सव्वापाचची. तोवर आम्ही दोघी लायब्ररीच्या संगणकासमोर बसलो. ते एकेचाळीस तीन वेगवेगळ्या माणसांचे निघाले. आडनाव एक, इनिशियल एक. एक खरोखर जनुकशास्त्रातला, दुसरा सिमेंट काँक्रीटवर काम करणारा, तिसरा जनावरांचा डॉक्टर. तिघांचे पेपर एकाच खात्यावर जमा झाले होते.

मी चौदा वर्षं ग्रंथपाल आहे. दरवर्षी चार-पाच मुलं असा कागद घेऊन येतात. त्यांच्यासोबत बसून जे करते तेच इथे लिहिते आहे. पहिल्यांदा एकट्यानं करताना एका संशोधकाला साधारण दोन तास लागतात. पुढची पाच वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढायची, त्याच्यासाठी दोन तास काढाच.

आधी माणूस पक्का करा

यवतमाळ जिल्ह्यात राठोड किती, हे तुम्हाला सांगायला नको. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या संकेतस्थळावर आडनाव आणि एक अक्षर टाकून शोधलं तर देशभरातले सगळे त्याच अक्षराचे राठोड, देशमुख आणि पाटील एका रांगेत येतात. म्हणून नावासोबत तीन गोष्टी जुळवायच्या: संस्था, विषय आणि वर्षं. पेपरवर लेखकाच्या नावाखाली संस्थेचा पत्ता असतो. तो माणूस २०१२ मध्ये नागपूरला होता आणि त्याच वर्षी चेन्नईच्या पत्त्यावर काँक्रीटचा पेपर दिसतो, म्हणजे दोन माणसं.

सगळ्यात सोपा उपाय ऑर्किड (ORCID). हा सोळा अंकी नंबर २०१२ पासून संशोधकांना फुकट मिळतो आणि तो माणसाचा असतो, नावाचा नाही. नोकरी बदलली, शहर बदललं, तरी नंबर तोच. संशोधकाच्या संस्थेच्या पानावर तो अनेकदा दिलेला असतो. गूगल स्कॉलरचं खातं मात्र संशोधकानं स्वतः उघडलेलं असतं आणि संगणक त्यात पेपर आपोआप घालत जातो. खातेदारानं लक्ष दिलं नाही तर दुसऱ्याचे पेपरही येऊन बसतात. त्या सरांच्या बाबतीत हेच झालं असावं. त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण आकडा त्यांचा नव्हता, एवढं खरं.

बायकांच्या बाबतीत उलटं होतं, आणि ते मला फार लागतं. एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे पेपर माहेरच्या आडनावानं, लग्नानंतरचे सासरच्या. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, म्हणजे इनिशियलही बदललं. संगणकाला त्या दोन बाया वाटतात. मुलीच्या यादीत एक मॅडम होत्या, त्यांच्यापुढे तिनं ९ लिहिलं होतं. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध शोधला तर तो दुसऱ्या आडनावावर. त्या आडनावाचे पेपर जोडले आणि वहीवर पुन्हा मोजलं, तर एच इंडेक्स १६. बाई संशोधक असेल तर जुनं आडनाव शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठे पाहायचं

माणूस पक्का झाला की त्याचं नाव निदान तीन ठिकाणी पाहा. गूगल स्कॉलर फुकट आहे आणि सगळ्यात जास्त गोळा करतं. जर्नलमधले पेपर, प्रबंध, परिषदेच्या पुस्तिका, पुस्तकातली प्रकरणं, सगळं. म्हणून तिथला सायटेशनचा, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी घेतलेल्या आधाराचा, आकडा बहुतेक वेळा मोठा असतो. स्कोपस हे दुसरं संकेतस्थळ निवडक जर्नल्स मोजतं, तिथे तोच माणूस लहान दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. मुलीच्या कागदावर नेमकं तेच झालं होतं.

पबमेड वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पेपरांसाठी चांगलं. सिकलसेलवाल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पण कापूस, तूर, सोयाबीनच्या पैदाशीवर काम करणाऱ्याला पबमेडवर शोधाल तर निम्मं काम दिसणारच नाही. त्यांचे पेपर इंडियन जर्नल ऑफ जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंगसारख्या जर्नलमध्ये असतात. आपल्याकडच्या प्राध्यापकांची माहिती यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या विद्वान या संकेतस्थळावरही मिळते.

नावांची रांग सातबाऱ्यासारखी वाचा

सामाईक सातबाऱ्यावर आठ खातेदार असले म्हणजे आठही जण शेत वाहत नाहीत. कोण वाहतो हे गावाला माहीत असतं. पेपरवरच्या नावांचंही तसंच, आणि इथे कोण वाहतो हे रांगेवरून बरंच कळतं.

जीवशास्त्रात पहिलं नाव साधारणपणे ज्यानं प्रयोगशाळेत हात काळे केले त्याचं. शेवटचं नाव बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, म्हणजे ज्यानं प्रश्न ठरवला, पैसा आणला. ज्याच्या नावावर चांदणी आणि खाली ईमेल, तो पत्रव्यवहाराचा लेखक. पेपरबद्दल विचारलं तर उत्तर द्यायची जबाबदारी त्याची. कृषी विद्यापीठांच्या पेपरात अनेकदा विद्यार्थ्याचं पहिलं आणि गाइडचं दुसरं नाव असतं, तिथे शेवटच्या नावावरून अंदाज बांधू नका. शंका असेल तर पेपरच्या शेवटी जा. हल्लीच्या बऱ्याच जर्नल्समध्ये कोणत्या लेखकानं काय केलं हे दोन ओळीत लिहिलेलं असतं.

जनुकशास्त्रात हे जास्तच जपून पाहावं लागतं, कारण या विषयात मोठमोठे गट एकत्र पेपर लिहितात. १९५३ चा वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर जेमतेम एका पानाचा आणि दोन नावांचा. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा छापला, त्यावर शेकडो नावं होती. २०१५ मध्ये फळमाशीच्या जनुकसंचावरच्या एका पेपरवर १,०१४ लेखक होते आणि त्यातले ९०० हून जास्त पदवीचे विद्यार्थी. त्या पोरांनी खरंच काम केलं होतं, त्याचा मला आनंदच आहे. पण अशा एका पेपराची सायटेशन १,०१४ जणांच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. हिस्सा पडत नाही. म्हणून खात्यावरचे सर्वांत जास्त सायटेशनचे पाच पेपर उघडा आणि त्यात आपला माणूस कितव्या जागी आहे ते लिहून काढा. पाचही ठिकाणी तो साठाव्या नावाच्या आसपास असेल, तर त्याचं स्वतःचं काम खाली कुठेतरी कमी सायटेशनच्या पेपरांत आहे. तुम्हाला तेच वाचायचं आहे.

एच इंडेक्स हातानं काढून पाहा

हा आकडा २००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे. ज्या पेपरपर्यंत सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच इंडेक्स. समजा सात पेपर आहेत आणि सायटेशन आहेत ८०, ४५, २२, ९, ६, ४, २. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त. सहाव्याला ४ आहेत, सहापेक्षा कमी. तिथे थांबायचं. एच इंडेक्स ५.

आता दुसरा माणूस घ्या: ९००, ४, ३, २, १. याचा एच इंडेक्स ३. नऊशे वेळा ज्याचा आधार घेतला गेला असं काम या माणसानं केलंय आणि आकड्यात तो पहिल्यापेक्षा लहान आहे. मुलीला मी हे वहीवर करायला लावलं. हातानं काढलं की आकड्याचा धाक जातो.

आणखी एक, हा आकडा कधी कमी होत नाही. माणसानं दहा वर्षांपूर्वी काम थांबवलं तरी तो वाढतच राहतो. स्कॉलरच्या खात्यावर सगळ्या काळाच्या आकड्याशेजारी गेल्या पाच-सहा वर्षांचा आकडा असतो आणि वर्षावार खांबांचा आलेख असतो. तो पाहा, आणि यादी तारखेनं लावून शेवटचे पेपर कोणत्या साली आले तेही पाहा. साठीतल्या प्राध्यापकाची आणि पस्तिशीतल्या बाईची तुलना करणं तर सरळ अन्याय आहे. नवीन माणसाकडे कमी सायटेशन असतील, पण वेळ असेल, आणि विद्यार्थ्याला वेळ लागतो.

विषयही पाहा. कर्करोगाच्या जनुकांवर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात, तिथे मध्यम पेपरलाही शंभर सायटेशन सहज होतात. आपल्या देशी कापसाच्या जनुकांवर काम करणारे तुलनेनं फार थोडे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर शेतातून देशी वाण जवळजवळ गेलाच, मग त्यावर लिहिणारे तरी किती उरणार? तिथे तीस सायटेशन म्हणजे बहुधा सगळ्या जाणकारांनी तो पेपर वाचला. तुलना करायची तर त्याच पिकाच्या, त्याच आजाराच्या दोन माणसांची करा.

सायटेशन उघडून वाचा

खरा वेळ इथे द्या. स्कॉलरवर प्रत्येक पेपरखाली किती जणांनी आधार घेतला हा आकडा असतो. त्यावर बोट ठेवलं की ते सगळे पेपर उघडतात. पहिले वीस घ्या आणि लेखकांची नावं जुळवा. वीसपैकी चार-पाच त्याच गटाचे असतील तर काही वावगं नाही, माणूस आपल्याच कामावर पुढचं काम रचतो. पंधरा असतील तर मात्र त्या कामाचा आवाज घराबाहेर गेलेला नाही.

मग त्यातले तीन-चार पेपर उघडून, आपल्या माणसाचं नाव कोणत्या वाक्यात आलंय ते शोधा. प्रस्तावनेत एका ओळीमागे आठ-दहा पेपर एकदम लावलेले असतात, "हा आजार मध्य भारतात आढळतो" अशा वाक्यामागे. ते सायटेशन म्हणजे लग्नपत्रिकेत छापलेलं नाव. पण कुणी लिहिलं असेल की अमुक गटानं गोंड कुटुंबांत जे पाहिलं तेच आम्ही तपासलं आणि आम्हालाही तसंच दिसलं, किंवा नाही दिसलं, तर ते एक सायटेशन पन्नासांच्या बरोबरीचं. विरोधात लिहिलेलंही मोजा. ज्याच्याशी भांडावं वाटलं, त्याचं काम कुणीतरी नीट वाचलेलं असतं.

पद्धतीच्या पेपरांचं गणित वेगळं आहे. पानातून डीएनए काढायची सीटॅब पद्धत आमच्या मुलांना प्रॅक्टिकलमधून माहीत असते. कापसाच्या पानात फेनॉलं भरपूर, डीएनए तपकिरी पडतं आणि मुलं रडकुंडीला येतात. त्या पद्धतीसाठी जगभर ज्याचा आधार दिला जातो तो डॉयल दांपत्याचा १९८७ चा छोटासा पेपर, फायटोकेमिकल बुलेटिन नावाच्या अगदी लहान पत्रिकेत आलेला. त्याची सायटेशन हजारोंनी आहेत. जनुकांच्या क्रमाची तुलना करणाऱ्या ब्लास्ट या साधनावरचा १९९० चा पेपरही तसाच. अशी साधनं देणारे लोक मोठेच. पण तुमच्या गाइडचा मोठा आकडा एखाद्या साधनामुळे, एखाद्या आढावा लेखामुळे की स्वतःच्या शोधामुळे, हे कळायला हवं. आढावा लेखात दुसऱ्यांच्या शोधांची मांडणी असते आणि त्याला सायटेशन पटापट मिळतात. आढावे बाजूला काढून उरलेलं पुन्हा मोजा.

आणि सायटेशन नाहीत म्हणजे काम वाईट, असं तर मुळीच नाही. जनुकशास्त्राची सुरुवातच तशी आहे. मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख १८६६ मध्ये छापला गेला. तो १८८४ मध्ये वारला. त्याच्या लेखाचं मोल जगाला कळलं ते १९०० साली, तीन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना तेच नियम पुन्हा सापडले तेव्हा. चौतीस वर्षं.

जर्नल

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नसतो. आधीच्या दोन वर्षांत जर्नलनं १५० पेपर छापले आणि यंदा त्यांना मिळून ४५० सायटेशन मिळाली, तर यंदाचा इम्पॅक्ट फॅक्टर ३. त्या ४५० पैकी निम्मी दहा पेपरांनीच आणलेली असू शकतात. म्हणून जर्नलच्या आकड्यावरून माणूस मोजू नये असं २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलंय. शेतीकडची मंडळी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं नास रेटिंग विचारतात, तेही जर्नलचंच. यूजीसीची केअर ही मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे केअर लिस्टेड असा शिक्का आता पुरेसा समजू नका.

पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स ओळखायला मी धडपडून शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एकाला अठराशे रुपये भरले. चार दिवसांत पेपर स्वीकारला, कुणी एक प्रश्न विचारला नाही. दोन वर्षांनी ते संकेतस्थळच नाहीसं झालं आणि माझा पेपरही. म्हणून आता पहिली गोष्ट पाहते ती डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर: तो टाकल्यावर पेपर उघडतो का? दुसरी, पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख. दोन्ही तारखांत आठवडाही नसेल तर तपासणी झाली कधी? गाइडचे एक-दोन पेपर अशा ठिकाणी असतील तर सोडून द्या, बढतीच्या घाईत पुष्कळांचं झालंय. सगळेच असतील तर ते नाव कागदावरून खोडा.

मागे घेतलेले पेपरही पाहून घ्या. पबमेडवर अशा पेपरावर स्पष्ट सूचना असते, आणि रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. नाव दिसलं तर कारण वाचा. स्वतःची चूक सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. चित्रात फेरफार करणारा मात्र वाटत नाही.

यादीत न येणारं काम

विदर्भात बसून हा विचार करताना मला नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात. शिक्षण तिसरीपर्यंत. धानाच्या बांधीत वेगळी लोंब दिसली, ती जपली, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि एचएमटी तांदूळ घरोघरी पोचला. स्कॉलरवर त्यांचं खातं नाही. सोयाबीनचा जेएस ३३५ वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा, १९९४ पासूनचा. आपल्याकडे कितीतरी वर्षं लोक दुसरं बियाणं मागतच नव्हते. असा वाण तयार करणाऱ्या पैदासकाराच्या दहा-बारा वर्षांच्या मेहनतीतून दोन पेपर निघाले तरी पुष्कळ. अकोल्याच्या विद्यापीठातला किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतला माणूस पाहत असाल तर पेपरांसोबत त्याच्या नावावर प्रसारित वाण किती, हे नक्की पाहा. सिकलसेलवाल्यांच्या बाबतीत गावोगावची तपासणी शिबिरं आणि वर्षानुवर्षं जोडून ठेवलेली कुटुंबं पाहा. असा माणूस भेटला तर मी एच इंडेक्सकडे बघतही नाही.

त्याचे आधीचे विद्यार्थी पाहणं हे शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रबंध शोधगंगेवर मिळतात, कृषी विद्यापीठांचे कृषिकोशावर. गाइडचं नाव टाका आणि विद्यार्थ्यांची यादी काढा. मग प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव पेपरांत शोधा. प्रबंध त्याचा आणि त्यातून निघालेल्या पेपरावर पहिलं नाव दुसऱ्याचंच, असं दोन-तीनदा दिसलं तर तिथे जाऊ नका, आकडा कितीही असो. शक्य असेल तर एका विद्यार्थ्याला फोन करा. किती वर्षं लागली आणि सर किंवा मॅडम महिन्यातून किती वेळा भेटतात, एवढे दोनच प्रश्न विचारा.

जागाही विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी एका वेळी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही.

त्या दिवशी पाचला दहा कमी असताना मुलीच्या कागदावर सातातली तीन नावं उरली होती. ९ चे १६ झालेल्या मॅडम वर होत्या. त्यांच्या चार विद्यार्थ्यांपैकी चौघांचीही नावं आपापल्या पेपरांवर पहिली होती. मेलमध्ये काय लिहू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या मेहनतीची स्तुती नको, एच इंडेक्स तर नकोच. त्यांचा एक पेपर पूर्ण वाच, त्यातला न कळलेला एक तक्ता निवड आणि त्यावर एक प्रश्न विचार. मग स्वतःबद्दल चार ओळी.

तिनं बसमध्येच फोनवर मेल लिहिला. रेंज नव्हती म्हणून तो गावाच्या फाट्यावर उतरल्यावर गेला. प्रश्न होता दुसऱ्या तक्त्यातल्या गर्भातल्या बाळात असतं त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनच्या आकड्यांवर, एकाच घरातल्या दोन भावांत तो इतका वेगळा कसा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दीड पानाचं.